पीळ सोडण्याआधी

ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात. निडीचे एलियाहकाका पाणीसुद्धा फुंकून पीत. गावातली बाकीची बेने इस्रायल ज्यूंची घरं केव्हाच इस्रायलला गेली. यांना पासपोर्टच्या एजंटाचा संशय आला, म्हणून हे इथेच राहिले. धाटावच्या कंपनीत तीस वर्षं बॉयलर सांभाळला, पण घड्याळ कधी कंपनीच्या भोंग्यावर लावलं नाही. डॉक्टर तर त्यांच्या लेखी सगळे एकाच माळेचे मणी.

मंगळवारी दुपारी दीनाकाकूंच्या पोटात कळा सुरू झाल्या. काकांनी ओवा दिला, हिंग लावला. रोह्याचे डॉक्टर म्हणाले, "आजच पेणला न्या." काका बाहेर येऊन पुटपुटले, "व्हय, तिथं यांचा भाऊबंद बसला असंल," आणि बायकोला घरी घेऊन आले. बुधवारी सकाळी काकू ओकून ओकून निपचित पडल्या, तेव्हा कुठे रिक्षा पेणच्या वाटेला लागली.

"कधीपासून दुखतंय?" सर्जन श्यामलाबाईंनी विचारलं. काकू बोलण्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

"आज सकाळपासून," काका म्हणाले. लाज वाटली, दुसरं काही नाही.

तासाभराने बाई ऑपरेशन सोडून स्वतः बाहेर आल्या. आता ही काहीतरी गळ्यात मारणार, काकांनी मनात म्हटलं.

"आतड्याला पीळ पडलाय, तेवढ्या भागाचं रक्त बंद झालंय. पीळ सोडला की रक्त परत येईल. पण फार वेळ झाला असेल, तर ते परत आलेलं रक्तच आतडं आणखी नासवतं, साचलेलं विष अंगभर पसरतं. मग पीळ न सोडताच तो भाग काढावा लागतो. नुसत्या रंगावरून नक्की सांगता येत नाही. नीट आठवा, सकाळपासूनच ना?"

"रक्त आलेलं वाईट? हे कुठलं शास्त्र?" काकांनी डोळे बारीक केले. कापायचंच ठरलंय यांचं!

पण तेवढ्यात त्यांना कंपनीतला बॉयलर आठवला. थंड पडलेल्या पाइपलाइनमध्ये वाफ एकदम सोडली, की साठलेलं पाणी घणासारखं आदळतं आणि सांधे फुटतात. म्हणून व्हॉल्व्हला हात लावण्याआधी आधीच्या शिफ्टवाल्याला विचारायचं, लाइन कधीपासून बंद हाय? एकाने खोटं सांगितलं, तर काकांनी सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली होती.

"बाय, मी खोटं बोललो," काका म्हणाले. "काल दुपारपासून दुखतंय तिला."

बाई तडक आत वळल्या. काका बाकावर बसले आणि लोकांसमोर हमसून रडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या कुणाचा संशय आला नाही.

हातभर आतडं पीळ न सोडताच काढावं लागलं. बाकीचं वाचलं, काकूही वाचल्या. तिसऱ्या दिवशी जरा हुशारी आली तशा त्या हळूच म्हणाल्या, "अवो, डाक्टरांवर लक्ष ठेवलंत ना?"

"ठेवलं गो," काका म्हणाले. "ठेवायला माझ्यावर पायजे होतं."