चांदरातीचा धूर

हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या. हे सांगताना माझं डोकं अजून तापतं, मधी कुनी खिदळलं तर उठून जाईन!

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात हैदराबादेहून एक तसबीरवाला साहेब आलता. तीन पायांचा कॅमेरा, काचेच्या पाट्या, छकडाभर पसारा. अन् तसबिरी कशाच्या? तर आभाळातल्या चांदण्यांच्या! म्हणे उत्तरेला लई लांब बर्फाचा मुलूख हाय, तिथं आभाळात हिरवे उजेड नाचतात, ते काचेवर उतरवायचेत.

"मग जा की तिकडंच!" मी म्हटलं.

"चाचा, उन्हाळ्यात तिथं रातच होत नाही. हिवाळ्यात अंधार मिळतो, पण ढग दगा देतात. म्हणून आधी इथं हात बसवतो. आभाळ साफ पाहिजे आणि अंधार पाहिजे."

रातच न्हाई? मग तिथली मानसं निजतात कवा बे? पण मदत करायचं कबूल केलं. गावात ढगाची पारख माझीच. अन् साहेबानं शब्द दिलता, काम झालं की तुमच्या ढवळ्याची तसबीर काढतो. माझा बैल तो. पार थकलता, दात गेलते. पुढचा पोळा त्याला दिसंल का न्हाई, ह्याच घोरात मी होतो.

साहेब हैदराबादेला परतला. शिमगा झाला अन् त्याचा उर्दू कागद आला. पटवाऱ्यानं वाचला, "चांदरातीला येतो. शिवारात दिवा नको, जाळ नको."

"म्हंजे पुनवेला," मी म्हटलं.

कारभारीण म्हणाली, "अवं, त्यास्नी तर अंधार पायजे होता. इचारा कुनाला तरी."

"तू गप! चांदाची रात ती चांदरात. आभाळ मला कळतं का तुला?"

अवस परवाच झालती, पुनवेला पंधरवडा होता. मी गावभर फिरून बजावलं, "पुनवेला जाळ बंद! धसकटं जाळायची ती आजच जाळा!"

एरवी माझं कुनी ऐकत न्हाई. त्या दिशी सगळ्यांनी ऐकलं! दिवस मावळायला साऱ्या रानांनी पेट घेतला. वारं पडलेलं. धूर शिवारावर बसला तो बसलाच.

अन् त्या धुरातून खोकत खोकत कोण आला? साहेब!

"चाचा, ये क्या किया?"

"तुमी आज कावून आला? पुनव लांब हाय!"

"पुनव? मी चांदरात लिहिलं होतं! नवी कोर दिसते ती चांदरात! कोर लगेच बुडते, मग रातभर अंधार!"

कोर कुठली? मला साहेबाची टोपी दिसंना! दोन दिवस धूर हलला न्हाई. साहेबाची रजा सरली, तो तणतणत गेला. ढवळ्याची तसबीर राहिली. पोळ्याच्या आधीच गेला माझा ढवळ्या.

मी शेजारच्या करीमभाईवर भडकलो. "असला कसला तुमचा शबुद? कोर दिसली की चांदरात, हे आमाला कसं ठावं असनार?"

"खरं हाय, दादा," करीमभाई म्हणाला. "मग दरसाल ईदीच्या आदल्या सांजेला माझ्या माळवदावर चढून 'चांद दिसला, दिसला' म्हणून बोंबलतं कोण?"

कोण म्हंजे? मीच. वीस वर्सं झाली. नजर चांगली म्हणून ते मलाच चढवतात!