बत्तिसावी चूक

ताडकळसच्या बायनाबाईला हळू बोलता येत नाही. तेरा वर्षं पिठाची गिरणी चालवली, पट्ट्याच्या धडधडीवर ओरडून ओरडून आवाजच तसा झाला. नवरा गेला तेव्हा आदिनाथ तेरा वर्षांचा होता अन् शिवकन्या सहाची. तेव्हापासून गिरणी तिची.

दिवस मावळेपर्यंत दळणं चालायची. घरी यायची ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा पिठाच्या. आदिनाथ मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आधीच आलेला असला की दारातच ओरडायचा, "शिवकन्ये, पळ! मुडदा घरात शिरायलाय!"

"मुडद्या, चूल पेटवलीस का आधी?" ती म्हणायची. पोराला मुडद्या म्हणणं हा तिचा लाडच होता.

मुडद्यांच्या पिक्चरचा नाद त्याला कुठून लागला देव जाणे. मेलेली माणसं उठून चालायला लागतात, जित्त्यांना चावत सुटतात, अन् एक कॅप्टन बंदूक घेऊन त्यांच्या मागं, असा हिंदीत केलेला कुठला तरी परदेशी पिक्चर. आदिनाथ मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून लावायचा. माय भाकरी थापायची, शिवकन्या लसूण सोलायची, आणि हा मधेमधे पिक्चर थांबवून मराठीत समजावून सांगायचा. पण त्याला खरी गोडी होती ती चुका धरण्याची. त्यासाठी दोनशे पानी वही केली होती. एकाला चूक दिसली तरी लगेच लिहायची नाही, मायलाही पटली आणि त्यालाही पटली, तरच वहीत जायची. असा नेम होता.

मायला चुका चटकन दिसायच्या. कॅप्टनची माणसं ओसाड गावातलं दुकान फोडतात, पिठाचं पोतं काढतात आणि रोट्या करून खातात. बायनाबाईनं पीठ लागलेला हात वर केला. "थांबीव. हे गाव ओस पडून किती दिस झाले?"

"तीन साल, माय."

"तीन सालाचं पीठ? आन् जाळी न्हाई, आळी न्हाई? माझ्याकडं म्हैनाभर पडलेलं पीठ चाळून बघ म्हनावं त्या कॅप्टनला."

आदिनाथ हसून हसून आडवा झाला. ती सतरावी चूक. ओसाड गावात रस्त्याचे दिवे जळत होते, ती अठरावी. "आमी जित्ते असून आमच्यात लाईट न्हाई," माय म्हणाली होती, "आन् मुडद्यांना चोवीस तास?"

पहिल्या भागात एकूण एकतीस चुका भरल्या.

त्या भागाच्या शेवटी कॅप्टनच्या धाकट्या भावाला मुडदे चावतात. तो धाकटा कॅप्टनला पळवून लावतो आणि पुलासकट स्वतःला उडवून देतो. मग एक दिवस दुसऱ्या भागाची झलक मोबाईलवर आली, तर त्यात तो भाऊ खुशाल उभा. आदिनाथला जेवण गोड लागेना. "माय, ह्यो मेला होता का न्हाई? पुलासकट उडाला होता. मग जित्ता कसा? दुसऱ्या भागात कारन सांगतेत का बघू. न्हाई सांगितलं तर ही बत्तिसावी, आन् सगळ्यांत मोठी."

त्यानं वहीत बत्तीसचा आकडा घातला आणि पुढची जागा मोकळी सोडली.

पौषात, कारखान्यांना ऊस चालू असताना, तो परभणीहून तांब्याची तार घेऊन मोटारसायकलवर येत होता. अंधार नुकता पडला होता. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. साऱ्या दुनियेच्या चुका धरणाऱ्या पोराला एवढी एक दिसली नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे पाच-सहा होते, पण एकही खाली येईना. चुलता आबासाहेब हात जोडून उभा राहिला. "आदिनाथा, शिवकन्येचं शिक्षान मी पुरं करतो. जीव अडकवू नगंस." कावळा मान वाकडी करून बसला. "तुझ्या मायला अंतर देनार न्हाई." एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या, परत फांदीवर. दुकानाचं झालं, लग्नाचं झालं, जो तो आपल्याला सुचेल ते वचन देत होता. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू या, असं कुणीतरी म्हणायला लागलं.

मागं बायांत बसलेली बायनाबाई उठली. तिच्या आवाजात हळू काही नसतंच, त्यामुळं सगळ्या नदीनं ऐकलं.

"आदिनाथ, दुसरा भाग आला की मी बघून येते. त्यो भाऊ कसा जित्ता झाला, ते तुला सांगते."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. पोराच्या दुःखानं बाई बिघडली, असंही कुणाला वाटलं असेल. पण कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच मारली.

परत येताना आबासाहेब म्हणाला, "वहिनी, मनाला लावून घिऊ नका. इतक्या उशिरानं पाखराला भूक लागली असंल."

"लागली असंल, भावजी," ती म्हणाली.

पण तेव्हापासून रोज सकाळी गिरणीला जाण्याआधी ती परसातल्या भिंतीवर भाकरीचा कुटका ठेवायची आणि येईल त्या कावळ्याला सांगायची, "अजून आला न्हाई रं पिक्चर." एवढंच. मग त्या एवढंच्या मागं दुसरंही निघायचं. पट्टा तुटला होता, नवा टाकला. शिवकन्येचा पेपर बरा गेला. तुझ्या दुकानात आता मोबाईलवाला बसायलाय. शिवकन्या दात घासत ऐकायची आणि तोंड फिरवायची.

पोळा झाला आणि पिक्चर परभणीला लागला. शिवकन्येनं सांगितलं तेव्हा मायनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "सनासुदीची दळनं हायेत."

चार दिवस गेले. "माय, शुक्रवारी काढतील. समदे नावं ठेवायलेत त्याला. चुकाच चुका हायेत म्हने."

"काढू दे की."

"तू कबूल केलंतंस."

बायनाबाई गिरणीच्या जात्याचा गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं टाकवत होती, तिनं छिन्नी खाली ठेवली. म्हणाली, "त्याला येकदा सांगून टाकलं शिवकन्ये, की मग त्यो कशापायी यील?"

 पण दिलेला शब्द मोडायचा, तोही त्या वेळेला दिलेला, हे मायच्यानंही होईना. गुरुवारी गिरणीला कुलूप लागलं. मायलेकी एसटीनं परभणीला गेल्या आणि बाराच्या खेळाला बसल्या. शिवकन्येच्या पिशवीत वही होती.

पडदा उजळला, आणि दहाव्या मिनिटाला तो भाऊ आला. डोंगरातल्या कुठल्याशा छावणीच्या दारात, हातात कप. कॅप्टन त्याला बघतो, "तू?" म्हणतो आणि धावत जाऊन मिठी मारतो. संपलं. पुढच्या क्षणाला दोघं बंदुका भरायला लागतात.

टॉकीजमधली कॉलेजची पोरं कोकलली. "अरे ह्यो तर मेलता ना!" "पुलाखाली गादी टाकली व्हती का रं?" शिट्ट्या वाजल्या.

"गप बसा रं!" बायनाबाईचा गिरणीचा आवाज. "सांगतेत ते पुढं!"

पोरं खरंच गप बसली. ती पुढं सरकून, समोरच्या खुर्चीला धरून बघत राहिली. मुडदे आले, मेले, परत आले. तिची नजर धाकट्या भावावरून हलली नाही. त्याला कुणी विचारतं का, तो कुणाला सांगतो का. मध्यंतरात शिवकन्येनं समोसा आणला, तो तिच्या हातात तसाच गार झाला. दुसरा अर्धाही सरला. शेवटी छावणीला आग लागली आणि कॅप्टन, भाऊ, मुडदे, सगळेच तीत जळून गेले. दिवे लागले.

"न्हाई सांगितलं," बायनाबाई म्हणाली.

परतीच्या एसटीत शिवकन्येनं वही काढली. बत्तीसच्या आकड्यापुढं भावाचं अक्षर कुठंच नव्हतं, नुसती मोकळी ओळ. तिनं पेन उघडलं. "लिहू का माय? दादा म्हनलाच होता, कारन न्हाई दिलं तर चूक."

मायनं खिडकीबाहेर बघितलं. कापूस फुटायला आला होता.

"त्या कॅप्टननं का बरं विचारलं न्हाई गं, कसा आलास म्हनून?"

"तीच तर चूक हाय."

"आपला दादा आत्ता दारात आला असता," बायनाबाई म्हणाली, आणि सारी एसटी ऐकत होती याचं तिला भान नव्हतं, "चिखलाच्या बुटानं, हातात तारंचं भेंडोळं घिऊन. तू विचारलं असतंस? मी विचारलं असतं?" तिनं पदर तोंडाशी नेला. "मला न्हाई पटत ही चूक. दोघांना पटल्याबिगर लिहायची न्हाई. ठिव वही."

शिवकन्येनं पेनाला टोपण लावलं.

सकाळी शिवकन्या दात घासायला परसात आली तर माय भिंतीपाशी उभी होती. कुटका ठेवलेला, कावळा अजून लांब तारेवर. मायला आज सांगायचं होतं. 

"बघून आले रं पिक्चर," ती म्हणाली. "त्यो भाऊ हाय त्यात. चांगला हाय, तब्बेत बी सुदारलीय. पन कारन न्हाई सांगितलं." तिनं कुटका जरा पुढं सरकवला. "तिसऱ्या भागात सांगनार हायेत म्हने."

शिवकन्येनं ब्रश तोंडातून काढला. तिसरा भाग कसला! सगळेच जळाले होते, कोण उरलंय सांगायला? दादा असता तर एवढी चूक त्यानं जागच्या जागी धरली असती.

बायनाबाईलाही ते दिसलं असावं, कारण ती कावळ्याला समजावायला लागली. "जळालेत समदे, मला ठावं हाय. पन पुलासकट उडालेला दुसऱ्यात आला, तर जळालेल्यांना तिसऱ्यात यायला काय झालं? यितेत. आला पिक्चर की बघून सांगते तुला. तवर येत जा."

कावळा उतरला, कुटका उचलला. शिवकन्येनं चूळ भरली आणि मायच्या आधी जाऊन गिरणीचं कुलूप काढलं.