मोहटोला डिलीट करा

"रामटेके मॅडम, सोमवारपर्यंत हे लाल गेलं पाह्यजे," बोरकर साहेब म्हणाले.

साहेब भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीसमोर हात मागे बांधून उभे होते. टीव्हीवर चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा नकाशा होता. नकाशाभर हिरवे ठिपके, आणि खाली, एटापल्लीच्याही पलीकडे, एकच लाल ठिपका. सोमवारी मुंबईहून मोठ्या मॅडम पाहणीला येणार होत्या.

मी नेटवर्क इंजिनिअर. माहेर भद्रावती, नोकरी नागपूरच्या एका कंपनीत. साहेबांचं सरकारी खातं या दोन जिल्ह्यांतल्या शाळा, ऑफिसं आणि आरोग्य केंद्रांना इंटरनेट पुरवतं. खात्याचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच जावं लागतं. गावाचं नावही बदललंय. मोहटोला म्हणू.

आमचं काम होतं एक लिनक्स सर्व्हर उभा करून त्यावर एनएमएस चालवायचं. एनएमएस म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. शाळेतल्या मास्तरासारखं ते दर थोड्या वेळानं प्रत्येक गावातल्या मशीनची हजेरी घेतं. उत्तर आलं की ठिपका हिरवा, नाही आलं की लाल. एवढंच. पण ते बसवता बसवता माझा जीव मेटाकुटीला आला.

लिनक्सवर काही घालायचं तर त्याची पॅकेजेस इंटरनेटवरून उतरवावी लागतात. दोन जिल्ह्यांना इंटरनेट देणाऱ्या ऑफिसात इंटरनेट इतकं मंद, की शेवटी मी रविवारी भद्रावतीला जाऊन घरच्या वायफायवरून सगळं पेन ड्राइव्हवर आणलं. सर्व्हरवर आम्ही चित्रं-खिडक्या ठेवत नाही, नुसती काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. ती पाहून साहेबांनी कपाळावर हात मारला.

"नवीन मशीन, अन् आल्या आल्या खराब?"

"खराब नाही सर, लिनक्स आहे."

"मंग दुरुस्त होईन ना?"

खरी गंमत पुढे झाली. सगळं बसवून मी टीव्ही सुरू केला, तर अख्खा नकाशा लालभडक. साहेबांना घामच फुटला. कारण साधं होतं. लिनक्समध्ये एसई-लिनक्स नावाचा एक पहारेकरी असतो. परवानगीशिवाय कुठल्याच सॉफ्टवेअरला तो काही करू देत नाही. त्यानं माझ्याच एनएमएसला बाहेर हाक मारायला बंदी घातली होती. मी दोन ओळी टाइप करून परवानगी दिली, आणि चहा येईस्तोवर ठिपके पटापट हिरवे झाले.

साहेबांनी ते डोळे विस्फारून पाहिलं. त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं धरलं, की लाल-हिरवं करणं रामटेके मॅडमच्या कीबोर्डात आहे. ते त्यांच्या डोक्यातून आजवर निघालेलं नाही.

एक मोहटोला मात्र लालच राहिला. मी तिथल्या आरोग्य केंद्रात डॉ. मडावींना फोन लावला. लागला नाही. दुपारी मिस्ड कॉलचा मेसेज पाहून त्यांचाच आला. केंद्रामागच्या टेकाडावर चढलं तरच रेंज येते, तीही बोलण्यापुरती.

"तुमच्या ऑफिसातून मले पह्यल्यांदाच कोणी फोन केला," डॉक्टरबाई धापा टाकत म्हणाल्या. "नाई तर मीच करते. मी सांगते लिंक बंद आहे, ते सांगतात मोडेम बंद करून चालू करा. अन् तक्रार बंद!"

"कधीपासून बंद आहे?"

"पावसाळा लागला तेव्हापासून. उन्हाळ्यात खांब लावून गेले तेव्हा मस्त चालत होतं."

मी विचारलं, खांबासमोर काय आहे? साग आहे, म्हणाल्या. दूरवर नुसता साग.

मी कपाळ धरून बसले. दोन खांबांवरच्या अँटिना एकमेकींना पाहू शकल्या तरच ही लिंक चालते. सर्व्हे करणारे आले ते उन्हाळ्यात, कारण पावसाळ्यात तिकडचे रस्ते कोणाला नको असतात. उन्हाळ्यात साग असतो पार उघडा. फांद्यांमधून अँटिनाला अँटिना दिसली, सर्व्हे पास. जूनमध्ये सागाला सुपाएवढाली पानं फुटली आणि नेटवर्क गेलं. आमच्या भागात लहान लेकराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण सर्व्हेच्या फॉर्मात पानांचा कॉलम नव्हता.

"मॅडम, माह्याकडे ईसीजीचं मशीन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छातीत दुखते म्हणून पेशंट आला, की ईसीजी काढाचा अन् लिंकवरून जिल्ह्याच्या हार्टच्या डॉक्टरले पाठवाचा. रक्ताची गुठळी विरघळवाचं इंजेक्शन द्याचं का नाई, ते लगेच सांगतात. मागच्या महिन्यात जिल्ह्याले नेता नेता एक माणूस गाडीतच गेला. ईसीजी पाहाले कोणी भेटलं असतं, तं इथीच इंजेक्शन देल्लं असतं मी." मग म्हणाल्या, "त्याची बायको अजून विचारते, मशीन होती तं काऊन नाई वाचवलं?"

फोन ठेवून मी तडक साहेबांकडे गेले.

"सर, खांब उंच करावा लागेल. अँटिना सागाच्या वर न्यायची."

"दुरुस्तीच्या बजेटमध्ये एवढा मोठा खांब बसत नाई. अन् फेब्रुवारीत पानं गळतात न मॅडम. होईन आपोआप चालू."

"सर, तोवर पेशंट थांबतील का?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान खाली घातली. पण सोमवार जवळ होता. ते म्हणाले, "तुमी असं करा, मोहटोला डिलीट करा."

"डिलीट?"

"नकाशावरून काढा. मंग लालच नाई राह्यलं."

मी म्हटलं, मोहटोल्याची हजेरी तात्पुरती बंद ठेवते, ठिपका करडा दिसेल. साहेब म्हणाले, करडा बी नको, करड्यावर जास्त प्रश्न येतात. मी वाद घातला, अगदी आवाज चढवून घातला. तेव्हा त्यांनी शांतपणे आठवण करून दिली, की काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही त्यांची लागते. माझा मॅनेजर नागपूरहून फोनवर म्हणाला, "अगं, कर ना डिलीट. आपलं काय जातं?" असा संताप आला होता मला! सॉफ्टवेअरनं विचारलं, नक्की काढायचं का? एवढी शंका तर साहेबांनाही आली नव्हती. मी बटण दाबलं आणि डॉक्टरबाईंचा टेकाडावरून फोन आला तेव्हा त्यांना खरं खरं सांगून टाकलं.

त्या हसल्या. "म्हंजे आता आमी बंद बी नाई. आमी नाईच."

सोमवारी मोठ्या मॅडम आल्या. नकाशा हिरवागार. साहेब नव्या कोऱ्या शर्टात. मॅडमनी चहाला हात लावला नाही, सरळ टीव्हीपाशी गेल्या आणि एटापल्लीच्या खालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे काहीच नाही? गावं नाहीत का इकडे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गप्प राहा, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आहेत ना मॅडम," मी म्हटलं. "मोहटोल्याला आरोग्य केंद्र आहे. आपल्या नकाशावर नाही."

एक शब्द खोटा नव्हता त्यात.

"आरोग्य केंद्र, आणि अजून जोडलेलंच नाही?" मॅडमचा आवाज चढला. "बोरकर, न जोडलेल्या केंद्रांना पहिला नंबर द्या असं आम्ही ओरडून ओरडून सांगतोय. नवीन कामांना मंजुरी मी आज देते. तुमची अडचण काय आहे?"

आता साहेब काय सांगणार? जोडलं होतं, पण बंद पडलं म्हणून तुमच्यासाठी पुसून टाकलं? त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "प्रस्तावित आहे मॅडम."

पाऊस उघडताच मोहटोल्याला नवा टॉवर उभा राहिला. सागाच्या चांगला वर. जुना खांब शेजारीच आहे. नकाशावर तो कुठेच नसल्यामुळे काढायचंही कोणाला सुचलं नाही. डॉक्टरबाईंनी त्याला आता कपडे वाळवायची दोरी बांधलीय.

थंडीत त्यांचा फोन आला. टेकाडावरून नाही, खुर्चीत बसून. "मॅडम, काल एक बाई आली, घाम, छातीत दुखून राह्यलं. ईसीजी पाठवला, लगेच उत्तर आलं, इंजेक्शन देल्लं. आता चहा मागून राह्यली." मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. खाली बसले आणि रडले, काय सांगू.

बोरकर साहेबांना वंचित गाव शोधून काढल्याबद्दल शाबासकीचं पत्र आलं. त्यांनी ते फ्रेम करून टीव्हीखाली लावलंय. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकले ते इतकंच, की बंद पडलेल्या गोष्टीला आपल्याकडे कोणी विचारत नाही, आणि नसलेली गोष्ट बसवायला सगळे धावतात.

मला वाटलं होतं, हे फक्त मलाच कळलंय. मागच्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "रामटेके मॅडम, अजून तीन-चार लिंका लय त्रास देऊन राह्यल्या. डिलीट करून देता का?"

या वेळी मी वाद घातला नाही.