दातवाल्याच्या घरचा दात

गल्लीत त्याला सगळे दातवाले म्हणत. तो काही दातांचा डॉक्टर नव्हता, कवळ्या बनवायचा. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे. कवळी तयार झाली की साच्याचं काम संपतं, पण याच्याने तो टाकवत नसे. "परत लागला तर?" म्हणायचा. परत कधी कुणाला लागत नसे. नवखा माणूस दारातच थबकायचा, कारण अख्ख्या गल्लीची बोळकी त्याच्याकडे आ वासून बघत असायची.

धंदाच असा, की गेलेल्या दातांबद्दल त्याच्याकडे समजुतीचे शब्द तयार असत. एखादं गिऱ्हाईक आरशात बघून रडवेलं झालं की तो म्हणायचा, "अहो, दात म्हणजे पाहुणे. जायचेच. गेल्याचं दुःख किती करायचं?" लोक डोळे पुसून घरी जात. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्याच्यासाठीच जन्माला आली असावी, कारण आता त्याच्याच मुलीचा पहिला दात हलू लागला होता आणि या गृहस्थाचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

मुलगी पहिलीत होती. पेन्सिलीपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत सगळं कुरतडून पाहायची म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. हलत होता तो खालचा, मधला. तोच सगळ्यात आधी आला होता. ती नीट बसतही नव्हती तेव्हा, एका दुपारी तो तिला दूध पाजत असताना चमचा हिरडीवर टक्क वाजला. त्याने तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. बायको लायब्ररीत नोकरीला. "अगं, दात आलाय!" तो असा ओरडला, की तिच्या समोरच्या वाचकांनीही माना वर केल्या म्हणे.

तोच दात आता जायला निघाला होता. त्याने गाजरं आणणं बंद केलं. सफरचंद किसून दिलं. पावाच्या कडा कापून टाकल्या. लायब्ररीतल्या सवयीमुळे बायको टोमणासुद्धा हळू आवाजात मारायची.

"अहो, मुलगी सहा वर्षांची आहे, साठ नाही. तुमच्या गिऱ्हाइकांचं पथ्य तिला कशाला?"

"हिरड्या नाजूक असतात."

"कुणाच्या? तिच्या की तुमच्या?"

यावर त्याने जोरजोरात एक कवळी घासायला घेतली.

खारूताईचं दुःख अगदी उलटं होतं. वर्गात सगळ्यांचे दात पडून गेले होते. मधल्या सुट्टीत ती मंडळी नळाशी रांग लावायची आणि तोंडात पाणी भरून फटीतून चिळकांडी उडवायची. कुणाची लांब जाते याच्या शर्यती लागायच्या. फट नसलेली ही एकटीच, म्हणून सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायचं काम हिच्याकडे. ती घरी येऊन दिवसभर तो दात जिभेने ढकलायची, आणि बाप दिवसभर म्हणायचा, "जीभ आत!"

शेवटी त्याला आपल्या धंद्यातलीच युक्ती सुचली. दात थांबत नाही तर नाही, निदान तोंड तरी असंच राहू दे. तिच्या खालच्या दातांचं माप घ्यायचं, प्लास्टर ओतायचं, आणि हे लहानपण फळीवर ठेवून द्यायचं.

शनिवारी दुपारी तिला खुर्चीवर बसवलं. बाकावर तिकीटवाल्या मावशी होत्या. सिनेमाच्या तिकीट-खिडकीवर जन्म काढलेली ही बाई कवळीचं माप बघायला आली होती आणि अजून गेली नव्हती. बायको दारात उभी राहिली.

त्याने पावडरीत पाणी घालून गुलाबी लगदा घोटला, सगळ्यात लहान ट्रेमध्ये भरला आणि तिच्या तोंडात बसवला. "हलायचं नाही." ती पुतळ्यासारखी बसली. लगदा घट्ट झाल्यावर त्याने नेहमीसारखा मनगटाला झटका देऊन ट्रे उचलला.

इथेच घोळ झाला. कित्येक वर्षं त्याने फक्त बोळक्यांची मापं घेतली होती. बोळक्यातून ट्रे कसाही ओढा, बरोबर काही येत नाही. त्याने माप खिडकीच्या उजेडात धरलं. गुलाबी लगद्यात एक छोटासा पांढरा दात रुतून बसला होता.

त्याची दातखिळीच बसली. खारूताईची जीभ मात्र फटीवर पोचली होती.

"पडला! बाबा, तू काढलास!" ती खुर्चीवरून उडी मारून बेसिनकडे पळाली, तोंडात पाणी भरलं, मागे वळली आणि चिळकांडी उडवली. ती थोडी गुलाबी होती आणि थेट बापाच्या शर्टावर गेली.

"इतके दिवस जपलात," बायको हळूच म्हणाली, "आणि शेवटी स्वतःच उपटलात?"

त्याला हसू यायला हवं होतं. रडूच आलं.

"ओ दातवाले," मावशी म्हणाल्या, "माझे गेले तेव्हा मला काय सांगितलंत? पाहुणे म्हणे. मी ऐकलं बाई. माझे तर परत यायचेही नाहीत. तिचा येणार आहे की हो, मग तुम्हाला कसलं सुतक?"

"कळतं मला," तो म्हणाला. पण खरं सांगायचं तर, गेलेल्या जागी पुन्हा काही उगवतं हे त्याने नुसतं ऐकलेलं होतं. त्याच्या दुकानात तसं कधी घडलं नव्हतं.

माप कोरडं पडलं तर वाया जातं, म्हणून नाक ओढत त्याने प्लास्टर कालवून ओतलं, दातासकट. मग हात धुतले आणि म्हणाला, "इकडे ये. आ कर."

खारूताईने मोठ्या अभिमानाने आ केला. सवयीप्रमाणे त्याने रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. तिथे काय लागतं ते त्याचं बोट झोपेतही सांगू शकलं असतं: मऊ, गुळगुळीत हिरडी. बोट थांबलं. पुन्हा फिरवलं. फटीच्या जरा मागे काहीतरी टोचत होतं. करवतीच्या पात्यासारखी एक बारीक धार.

"अगं," तो बायकोला म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "अगं, दात आलाय!"

त्याच क्षणी खारूताई बोटाला कडकडून चावली, त्यामुळे शेवटचा शब्द सगळ्या गल्लीला ऐकू गेला.