चव बघायचं काम

माझी बायको शिरवण्याच्या सरकारी शाळेत खिचडी शिजवायची. तिथं नियम असा की पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसानं चव बघायची, पालक असला तर बरा. पालकांना कुठला वेळ? सगळी कामावर. मी मार्केटात माथाडी, पहाटे पोती उतरवून दुपारपर्यंत मोकळा. मग हिनं मलाच धरलं. आमची पोरं कधीच शाळेतनं बाहेर पडली होती, पण कुणी विचारलं नाही. माथाडीचं काम सुटल्यावरही हे चालूच राहिलं.

उकिडवं बसायचं, वाटीतलं खायचं आणि बोलायचं. मी दर वेळी एकच बोलायचो, "मीठ कमी हाय." कधीच कमी नसायचं. ती पळी आपटायची. "अवो, जीभ मार्केटात ठिवून आलाय का?" भाजी चिरणाऱ्या बाया हसायच्या. घरी आम्ही फारसं बोलायचो नाही. जो काय संसार झाला तो शाळेच्या त्या पत्र्याच्या स्वयंपाकखोलीत.

गेल्या पावसाळ्यानंतर ती गेली. तेराव्याचं उरकलं आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, काका, चवीला येत जा. तिच्या हाताखालची बाई आता शिजवत होती. मी मीठ कमी म्हटलं की ती नुसती मान खाली घालायची. तरी जायचो. दिवसभरात माणसांत बसून खाल्लेला तेवढाच गरम घास. बाकी घरी चहा-पाव.

मार्च महिन्यात केस कापायच्या दुकानात टीव्हीवर राज्याचं बजेट चाललं होतं. शाळांना काचेचे मोठे फळे, कॉम्प्युटर. बसलेली माणसं खूश. मी विचारलं, आणि स्वयंपाकाच्या खोलीचं काय? न्हावी म्हणाला, "काका, तुमी कशाला टेन्शन घेता? तुमचं कोण हाय तिथं?"

बरोबर होतं त्याचं. माझं तिथं कुणी नव्हतं. एक शेगडी होती.

फळे द्या, मी नाही म्हणत नाही. पण सरकार पैसा घालतं तो भिंतीला टांगता येईल अशा वस्तूवर. पळी ढवळणारा हात कुठं टांगणार?

जूनमध्ये शाळा उघडली. मी नेहमीच्या वेळेला हातपाय धुऊन गेलो. शेगडी नव्हती. खोलीला नवा रंग, भिंतीवर काचेचा फळा. खिचडी आता बाहेरनं शिजून टेम्पोनं येते. शिजवणारी बाई सोसायटीत भांड्याला लागली होती. मी माघारी फिरलो, तर मोठ्या बाई आडव्या आल्या. म्हणाल्या, चवीचा नियम तसाच आहे, बसा.

व्हरांड्यात बसलो. टेम्पोवाल्यानं डबा उघडून वाटीत वाढलं. खिचडी बरी होती, मीठही नेमकं. पण तोंडातनं सवयीनं गेलंच, "मीठ कमी हाय."

गडी एकदम गंभीर झाला. "काका, कंप्लेंट वरती करा. मी फक्त गाडी चालवतो."

कंप्लेंट नव्हती ती. पण त्याला काय सांगणार?

"बरोबर हाय मीठ," मी म्हटलं. "वाढ पोरांना."

वाटी नळाखाली धुतली, पालथी घातली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी चवीच्या वेळेला मोठ्या बाईंचा फोन आला. वाजून वाजून बंद झाला. मी चहात पाव बुडवत बसलो होतो.