पत्र्यावर चढलेला मेव्हणा

आमच्याकडचं ऊन साधंसुधं नाही. औरंगपुऱ्यातले कावळे भर मे महिन्यात रिक्षानं फिरताना मी स्वतः पाहिलेत. त्यात आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे. उन्हाळा आला की आख्खी गल्ली तारेच्या ब्रशनं पत्रे खरवडायची आणि वरून गारव्यासाठी चुना मारायची. खरवडल्याशिवाय चुना धरत नाही, ही सगळ्यांची समजूत. भुगा माठात पडो नाहीतर भाकरीवर, कुणी मनावर घेत नसे.

त्या साली माझी लेक सव्वा महिन्याची होती. सासरे दवाखान्यासाठी आमच्याकडेच राहिलेले. त्यांनी हयात घातली पत्रे कापण्यात. संध्याकाळी असे पांढरे होऊन घरी यायचे की लोक दळण घेऊन मागं लागत. आता दोन शब्दांत धाप. डॉक्टरांनी बजावलं होतं, या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे डोळ्याला न दिसणारे धागे श्वासातून आत जातात अन् आतच राहतात. शाबूत पत्र्याला डिवचू नका. कापू नका, फोडू नका, घासू नका.

मी हे घरात सांगितलं होतं, पण मेव्हणा बिडकीनहून सकाळीच आला तेव्हा त्याला सांगायचं राहिलं. भाजी घेऊन परततो तर गडी वर चढून खरवडतोय आणि बरोबर खाली पाळणा.

बायकोनं पोरीला उचललं आणि शेजारच्या मुस्लिम मावशींच्या, आमच्या खालांच्या, स्लॅबच्या घरात नेलं. मी खालून ओरडलो. तो हसला.

"दाजी, ह्याच भुग्यात लोळून मोठे झालो आम्ही. काय झालं?"

मी शिडीच काढून घेतली. ब्रश टाक, मगच शिडी मिळेल. तोही हट्टाला पेटला, खरवडतच राहिला. पाच मिनिटांत त्याच्या चपला भाजल्याचा वास पैठणपर्यंत गेला असेल, पण ब्रश थांबेना. शेवटी सासरे भिंत धरत अंगणात आले. कितीतरी वेळ नुसता श्वासच गोळा केला.

"मला बघ," ते म्हणाले.

ब्रश खाली पडला.

बायको झाडू घेऊन आली, तो मी हिसकावला. झाडलं की पुन्हा उडणार. नळाला पाणी यायला अजून चार दिवस होते, तरी पिण्याचा ड्रम उपसला, तोंडाला ओला रुमाल बांधून सगळं ओल्या फडक्यांनी पुसलं आणि फडकी पिशवीत घट्ट बांधली. चुना पोत्यातच राहिला.

मग मी खालांकडं. पोर झोपलेली. तिची छाती वरखाली होताना बघायचो, बाहेर यायचो, पुन्हा आत जायचो. मी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतो तेवढ्या वेळात किती गेलं असेल आत?

"बैठो ना बेटा, बच्ची ठीक है," खाला म्हणाल्या.

बसलो. तेवढ्यात मागच्या कुणाच्या तरी पत्र्यावर खरखर सुरू झाली आणि मी अनवाणीच तिकडं पळत सुटलो.