रंगाखालची गुणगुण

नानाखेड्याला आमच्या समोर राहणारे बँकेतले गृहस्थ काहीही विचारलं की आधी "देखते हैं" म्हणतात आणि खिशातली मोजपट्टी काढतात. आम्हा दोघांनाही घरी भजनं रेकॉर्ड करायचा नाद. माइकचा बारीक आवाज वाढवणारे प्रीअँप बसवायला दोघांनी एकाच महिन्यात धातूच्या पेट्या बनवल्या. त्यांची जुन्या कूलरच्या पत्र्याची, कानशीने घासलेली, रंगसुद्धा नाही. माझी आतून-बाहेरून काळी चकचकीत. पण हेडफोनमध्ये माझी सारखी गुणगुणायची आणि त्यांची गप्प.

शेवटी मीच पेटी घेऊन गेलो. त्यांनी झाकण उघडलं, अर्थिंगच्या वायरीचा स्क्रू काढला, त्याखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत नखाएवढा खरवडला आणि स्क्रू परत आवळला. गुणगुण बंद.

"रंगावरून अर्थिंग कशी मिळणार, भाऊ?" एवढंच म्हणाले. मग बायकोला हाक मारली, "अगं, बघ तर सही, यांनी काय मस्त पेटी बनवली आहे! आपली तर डब्बा वाटते."

ते मनापासून बोलत होते, याचाच मला जास्त राग आला. घरी येऊन मी हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि गुणगुण परत येईल या आशेने कितीतरी वेळ बसून राहिलो.